ज्याला हरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही

देवगड बंदरावर, बर्फाच्या फॅक्टरीत, माझी रातपाळी.
कॉम्प्रेसर धापा टाकतो,
साच्यांतून लाद्या सुटतात, फळीवरून घसरत येतात,
आणि मधल्या वेळात, उलट्या क्रेटवर लॅपटॉप ठेवून
मी दुसऱ्याच एका बर्फात मार खातो.

तिथे हुल्दार उभा असतो.
नावातच दार.
पुलाच्या टोकाला, उत्तरेकडच्या देवांच्या शेवटच्या उंबऱ्यापाशी,
दाढीत हिमाचे खडे, खांद्यावर अस्वलाचं कातडं,
भाला मधोमध मोडलेला, सुतळीने बांधलेला.
गाठ मात्र बरोबर घेतलीय,
आमचे खलाशी घेतात तशी.

लढाईआधी तो दर वेळी तेच बोलतो.
मी बटण दाबून टाळायचो.
तेविसाव्या रात्री हात ओले होते, बटण निसटलं,
खाली उमटलेली अक्षरं मनातल्या मनात मराठीत लावली:
हे दार माझं नाही.
माझं असतं तर कधीच उघडलं असतं तुला.

आणि नेहमीसारखं मला पुलावरून खाली फेकलं.

खाली, म्हणजे आमच्या जेट्टीवर, जानू कोयंडे बसतो.
'भद्रकाळी'चा तांडेल, एकोणीस वर्षं.
शेठ गोव्यात की आणखी कुठे, फोन लागत नाही.
इंजिन कर्जवाल्यांनी उतरवून नेलं,
जाळी वजनावर गेली.
उरलाय सांगाडा, आणि त्यावर दर दसऱ्याला
जानूनेच गिरवलेलं नाव.
तो ओहोटीला दोर सैल सोडतो, भरतीला आवळतो,
तळातलं पाणी तेलाच्या डब्याने उपसतो.
पगार मार्चपासून नाही.
दुसऱ्या बोटींचे मालक बोलवायला आले,
त्याने त्यांच्यापुढे बिड्यांचं बंडल धरलं
आणि समुद्राकडे बघत राहिला.
एकदा मी विचारलंच, कशाला?
म्हणाला, 'माझ्याकडे सोपवलेली आसा.
परत घेवक कोण येवक नाय अजून.'

आमच्या वेशीवरचा राखणदार रात्रभर गाव फिरतो,
त्याच्या वहाणा झिजतात,
म्हणून वर्षाला नव्या ठेवतात.
लहानपणी मी जुन्या उलट्या करून पाहिल्या होत्या.
आठवलं तसा कॅमेरा फिरवला,
हुल्दारच्या पायांशी, बर्फाला टेकेपर्यंत खाली आणला.
ज्या कुणी हा खेळ बनवला त्यातल्या एकाने,
कुठल्यातरी थंड शहरात, पाळीच्या शेवटच्या तासाला असेल,
बुटांच्या तळांना भोकं काढली होती.
तिथे कोण बघणार होतं?

एक्केचाळिसाव्या रात्री तो पडला.
तिसरा वार अडवायला किंचित उशीर केला, एवढंच.
पडताना माझ्याकडे नाही, दाराकडे वळला,
हिशेब द्यायचा राहिलाय असा.
दार उघडलं. आत सिंहासन, सिंहासनावर बर्फ,
बर्फात राजा, केव्हाचा मेलेला,
तोंड उघडं, पेडव्यासारखं.
हुल्दारला ठाऊक होतं का, हे खेळ सांगत नाही.
सोनेरी अक्षरांत विजय आला.
मागे एक लादी धाडकन फळीवर पडली.

बाहेर आलो. पहाटेचा वारा मतलई.
जानू जागाच.
'जिकलंस?'
'हो.'
'मगे तोंड असा कित्याक?'
मी सांगत गेलो: पूल, सुतळी, बुटांची भोकं, आतला राजा.
तो मधून मधून 'व्हय' म्हणत होता,
गाऱ्हाण्याला म्हणतात तसं.
सगळं ऐकून बिडी विझवली आणि विचारलं,
'मगे आता थय कोण आसा, दारार?'

आत जाऊन आदल्या रात्रीचा खेळ उघडला.
तो उभा होता.
या खेळात बसायचंही एक बटण आहे,
इतक्या रात्रींत दाबलं नव्हतं.
पुलाच्या अलीकडे, त्याच्या भाल्याच्या टप्प्याबाहेर,
माझा माणूस खाली बसला.
हिम पडत राहिलं दोघांवर.

बाहेर ओहोटी लागली असावी.
कुणीतरी दोर सैल सोडला.